आधी कोण फुटतं, पाणी की दगड? विजेने खडक फोडण्याचा इतिहास

एक प्रश्न घ्या. पाण्याने भरलेल्या टाकीत ग्रॅनाइटचा तुकडा ठेवलाय. त्याच्या वरच्या पृष्ठभागावर, एकमेकांपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, दोन इलेक्ट्रोड टेकवलेत. आता त्या दोघांमध्ये दोन-तीन लाख व्होल्टचा दाब द्यायचा आहे. ठिणगी कुठून जाईल? वरच्या पाण्यातून, की खालच्या दगडातून?

बहुतेक जण उत्तर देतात, पाण्यातून. उत्तर तर्काला धरून आहे. नळाचं पाणी वीज वाहून नेतं आणि ग्रॅनाइट चांगला निरोधक आहे. पुस्तकातले तक्ते उघडले तरी तेच दिसतं. पण तुम्ही मला उलट प्रश्न विचारायला हवा होता: "हा दाब किती वेळात चढवणार?" कारण उत्तर त्यावर ठरतं. दाब सावकाश चढवला तर ठिणगी पाण्यातून जाते. अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत चढवला तर ती पाणी सोडून दगडात शिरते आणि दगड आतून फुटतो.

या एका वाक्याच्या मागे दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी तो वाचावा असं मला वाटतं, कारण त्यात चांगलं भौतिकशास्त्र आहे आणि एक अवघड प्रश्नही आहे: एखादी कल्पना बरोबर असूनही साठ वर्षं प्रयोगशाळेच्या आसपासच का फिरत राहते?

आधी दगडाचा स्वभाव

दगड दाबाला दाद देत नाही, पण ताणाला लगेच देतो. चांगला ग्रॅनाइट दाबून फोडायचा तर साधारण १०० ते २०० मेगापास्कल दाब लागतो. तोच ओढून तोडायचा तर त्याच्या दहाव्या भागात, कधी त्याहूनही कमी ताणात काम होतं. पाथरवटाला हे मेगापास्कलशिवाय ठाऊक असतं. तो दगडावर वरून नुसता घण घालत बसत नाही. एका रेषेत भोकं पाडतो, त्यात पाचरी बसवतो आणि पाचर ठोकून दगड दोन्ही बाजूंना फाकवतो. म्हणजे दगडाला तो आतून ताणतो.

सुरुंगही तेच करतो. भोकात दारू भरायची, पेटवायची, तयार झालेला वायू भोकाच्या भिंती बाहेर ढकलतो आणि खडकाला भेगा जातात. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं, तेव्हा बदलली ती दारू. तत्त्व पाचरीचंच राहिलं.

याउलट खडी क्रशर आणि खाणीतल्या गिरण्या दगड बाहेरून दाबतात. म्हणजे दगडाच्या मजबूत बाजूवरच हल्ला. गिरणीत घातलेल्या ऊर्जेपैकी नवे पृष्ठभाग तयार करायला प्रत्यक्षात टक्काभर किंवा त्याहूनही कमी ऊर्जा लागते, बाकीची बहुतेक उष्णता होऊन जाते, असं या क्षेत्रात नेहमी सांगितलं जातं. आणि जगातल्या एकूण विजेपैकी काही टक्के वीज फक्त दगड आणि धातुकं बारीक करण्यात खर्च होते. म्हणून "दगड आतून ताणून फोडता येईल का, आणि तेही भोक न पाडता?" हा प्रश्न पैशाचा आहे, विजेचा आहे आणि पर्यावरणाचाही आहे.

लेडन जार ते मार्क्स जनरेटर

विजेची ठिणगी वस्तू फोडते हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं. वीज पडून झाड उभं चिरलेलं तुम्हीही पाहिलं असेल. पण मुद्दाम, मोजूनमापून ठिणगी पाडणं शक्य झालं ते १७४५-४६ मध्ये लेडन जारचा शोध लागल्यावर. तो जगातला पहिला कपॅसिटर. त्यानंतर काही वर्षांतच इटलीत तुरीन इथे जियाम्बातिस्ता बेक्कारिया याने पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत ठिणगी पाडली आणि नळी फुटली. पाण्यातली ठिणगी आजूबाजूला जोराचा धक्का देते, हे तेव्हाच दिसलं होतं.

मग पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं काय झालं? या दिशेने फारसं काही नाही. कारण लेडन जारमध्ये ऊर्जा थोडी असायची आणि ती ठरवलेल्या क्षणी, ठरवलेल्या वेगाने सोडायचं साधन नव्हतं.

ते साधन आलं वेगळ्याच गरजेतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या लांब लांब वाहिन्या उभ्या राहू लागल्या. त्यांच्यावर आकाशातली वीज पडली की खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर निकामी व्हायचे. त्यांची चाचणी घ्यायला प्रयोगशाळेत छोटी वीज पाडायला हवी होती. जर्मनीत एर्विन मार्क्स याने १९२३ च्या सुमारास त्यासाठी एक मंडल सुचवलं. कल्पना टॉर्चच्या सेलसारखी आहे. सेल एकाशेजारी एक ठेवले तर दाब एकाच सेलचा मिळतो, एकामागे एक लावले तर दाबांची बेरीज होते. मार्क्सने कपॅसिटर समांतर जोडून सावकाश भरले आणि मधल्या ठिणगी-फटी एकदम पेटल्या की ते क्षणात एकसर जोडले जातील अशी रचना केली. दहा कपॅसिटर प्रत्येकी ३० हजार व्होल्टला भरले, तर बाहेर सुमारे ३ लाख व्होल्टचा पल्स येतो.

मार्क्सच्या डोक्यात दगड नव्हता, इन्सुलेटर होते. पण दगड फोडण्याच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या पोटात त्याचा जनरेटर सापडतो.

लेनिनग्राड: पाण्यातला हातोडा

दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये लेव्ह युत्किन नावाचा संशोधक पाण्यातल्या ठिणगीच्या मागे लागला. १९५० मध्ये त्याने सोव्हिएत संघात त्यावरच्या शोधाचा दावा नोंदवला आणि १९५५ मध्ये या विषयावर पुस्तक काढलं. त्याने या परिणामाला नाव दिलं इलेक्ट्रोहायड्रॉलिक परिणाम, म्हणजे विद्युत-जलीय परिणाम. त्याच्या कामात लिदिया गोल्त्सोवा ही त्याची सहकारी होती.

काय होतं ते नीट समजून घ्या. पाण्यात दोन इलेक्ट्रोड आहेत. कपॅसिटरमधली ऊर्जा त्यांच्यात काही मायक्रोसेकंदांत ओतली. मधल्या पाण्याची एक बारीक रेघ प्लाझ्मा होते, तापमान दहा हजार अंशांच्या घरात जातं, आणि ही रेघ झपाट्याने फुगते. पाणी दाबलं जात नाही, त्याला जागा सोडायला वेळही मिळत नाही. म्हणून भोवती आघाततरंग निघतो. जवळ दगड असेल तर तो तरंग दगडावर आदळतो.

युत्किनने याचे कितीतरी उपयोग सुचवले: दगड फोडणं, ओतीव लोखंडाला चिकटलेली वाळू काढणं, पत्र्याला आकार देणं. यातली काही कामं कारखान्यांपर्यंत पोचली. पण दगड फोडण्याच्या दृष्टीने पाहिलं तर एक अडचण राहिली. ठिणगी पाण्यात पडतेय आणि दगडाला फटका बाहेरूनच बसतोय. म्हणजे हातोडा पाण्याचा झाला एवढंच. पाचर अजून आत गेलेली नाही.

टॉम्स्क: ठिणगी दगडात शिरते

आता सैबेरियात चला. टॉम्स्क हे टॉम नदीवरचं विद्यापीठांचं गाव. तिथल्या पॉलिटेक्निक संस्थेत अलेक्सांद्र अकिमोविच व्होरोब्योव्ह १९४४ पासून १९७० पर्यंत रेक्टर होते. त्यांचा विषय निरोधकांचा ब्रेकडाउन, म्हणजे घन पदार्थ किती दाबाला आणि कसा भेदला जातो. त्यांच्या गटाने एक साधी पण कुणी नीट न विचारलेली गोष्ट तपासली. घन आणि द्रव निरोधक एकमेकांना चिकटून असताना, दाब वेगवेगळ्या वेगाने चढवला, तर आधी कोण भेदलं जातं?

सावकाश चढणाऱ्या दाबाला क्रम अपेक्षेप्रमाणेच होता: आधी पाणी, मग दगड. दाब चढण्याचा वेळ कमी करत नेला तशी पाण्याची ताकद वाढत गेली. दगडाची ताकदही वाढली, पण फार थोडी. आणि अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास दोन्ही आलेखरेषा एकमेकींना छेदून गेल्या. त्याहून वेगवान पल्सला पाणी हे दगडापेक्षा जास्त चांगलं निरोधक ठरत होतं! अ. अ. व्होरोब्योव्ह, ग. अ. व्होरोब्योव्ह आणि चेपिकोव्ह या तिघांच्या नावावर हा शोध पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस रशियात अधिकृतपणे नोंदला गेला. अग्रक्रमाची तारीख मात्र धरली गेली डिसेंबर १९६१ ची. मुख्य व्होरोब्योव्ह त्याआधीच, १९८१ मध्ये वारले होते.

हे असं का होतं? दोन कारणं एकत्र पाहायला हवीत.

पहिलं कारण वेळेचं. पाण्यात ब्रेकडाउन व्हायला काही गोष्टी आधी घडाव्या लागतात. आयन सरकतात, इलेक्ट्रोडजवळचं पाणी तापतं, सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, त्यातून ठिणगीची वाट पुढे सरकते. या सगळ्याला वेळ लागतो. वेळच दिला नाही तर पाणी टिकून राहतं.

दुसरं कारण क्षेत्राच्या वाटणीचं. पाण्याचा सापेक्ष विद्युतपारक, म्हणजे परमिटिव्हिटी, सुमारे ८०. क्वार्ट्झचा ४ ते ५. वेगवान पल्सच्या काळात पाण्यातलं वहन जवळपास नगण्य ठरतं आणि विद्युतक्षेत्राची वाटणी परमिटिव्हिटीवर होते. ज्याची परमिटिव्हिटी कमी, त्याच्यावर क्षेत्र जास्त. म्हणजे ताण बराचसा दगडावर येतो.

मग ठिणगी दगडाच्या आतून वाट काढते, काही मिलिमीटर खोल जाऊन दुसऱ्या इलेक्ट्रोडपाशी वर येते. त्या वाटेवर प्लाझ्माची रेघ तयार होते, आतला दाब गिगापास्कलच्या घरात जातो, आणि दगड आतून बाहेर ढकलला जातो. पाथरवटाची पाचर, पण भोक न पाडता आणि काही मायक्रोसेकंदांत बसलेली. वरचा तुकडा चिपळीसारखा उडतो. पाण्याचं काम आता हातोड्याचं राहिलं नाही. ठिणगीला "इकडून जाऊ नकोस" म्हणून अडवणारा पहारेकरी, एवढंच त्याचं काम.

युत्किन आणि व्होरोब्योव्ह यांची गल्लत करू नका. वरवर दोन्ही प्रयोग सारखेच दिसतात: पाणी, इलेक्ट्रोड, कपॅसिटर, फुटलेला दगड. पण एकात ठिणगी पाण्यात आहे आणि दुसऱ्यात दगडात. मुलाखतीत कुणी "इलेक्ट्रोहायड्रॉलिक की इलेक्ट्रोपल्स?" असं विचारलं तर उत्तर हेच. फरक फक्त पल्स चढण्याच्या वेळेचा आहे.

तेच पाणी, पडद्यापलीकडे

याच काळात, १९६० च्या दशकात, इंग्लंडमध्ये आल्डरमास्टन इथे अण्वस्त्र संशोधन केंद्रात जे. सी. मार्टिन यांचा गट वेगळ्याच कामात होता. त्यांना स्फोट होत असताना आतलं चित्र टिपायला क्ष-किरणांचा अतिशय क्षणिक झोत हवा होता. त्यासाठी लागणारी ऊर्जा काही नॅनोसेकंद साठवून ठेवायला निरोधक हवा. त्यांनी पाणी वापरलं. परमिटिव्हिटी ८०, म्हणजे थोड्या जागेत जास्त ऊर्जा मावते. आणि वेळ कमी असला की पाणी फुटत नाही.

मार्टिन यांनी त्यासाठी एक अनुभवसिद्ध सूत्र दिलं. त्याचा गाभा असा: पाणी सहन करू शकेल ते क्षेत्र वेळेच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे वेळ आठवा भाग केला तर सहनशक्ती दुप्पट. वेळ हजारावा भाग केला तर दहापट. टॉम्स्कमध्ये एकमेकींना छेदणाऱ्या त्या दोन रेषांपैकी पाण्याची रेषा वर का चढत होती, ते या सूत्रातही दिसतं.

बघा, एकाच गुणधर्माकडे दोन ठिकाणचे लोक बघत होते. टॉम्स्कला पाणी हवं होतं खडक फोडण्यासाठी, आल्डरमास्टनला ऊर्जा साठवण्यासाठी. दोन्हीकडचं बरंचसं काम आपापल्या कपाटात राहिलं. मार्टिन यांची टिपणं वर्षानुवर्षं हातोहात फिरली आणि ग्रंथरूपाने एकत्र आली ती १९९६ मध्ये. टॉम्स्क-परंपरेतल्या संशोधकांचं, म्हणजे सेमकिन, उसोव्ह आणि कुरेत्स यांचं, खडक फोडण्याच्या मूलतत्त्वांवरचं पुस्तक आलं १९९५ मध्ये, तेही रशियन भाषेत.

या स्पंदित शक्तीची, म्हणजे पल्स्ड पॉवरची, शाखा आपल्याकडेही आहे. तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून "काली" मालिकेतले इलेक्ट्रॉन प्रवेगक बनवले गेले. त्यांचा उद्देश दगड फोडण्याचा नाही, पण आतलं तंत्र याच घराण्यातलं आहे. त्यामुळे "हा विषय भारतात कुठे शिकायचा?" असा प्रश्न पडला असेल तर सुरुवात या दिशेने करा.

मुतखडा: जिथे कल्पना जिंकली

ठिणगीने दगड फोडण्याचं तंत्र सर्वांत यशस्वी कुठे झालं? खाणीत नाही, दवाखान्यात. १९६० च्या आसपास सोव्हिएत संघात "उरात" नावाचं उपकरण आलं. त्यात मूत्राशयात बारीक इलेक्ट्रोड घालून खड्याशेजारी ठिणगी पाडत. पुढे म्युनिकमध्ये ख्रिश्चन शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉर्निये कंपनीच्या यंत्राने ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा मुतखडा शरीराबाहेरून फोडला. रुग्ण पाण्याच्या टबात. खाली लंबवर्तुळाकार भांडं, त्याच्या एका नाभीवर पाण्यातली ठिणगी, दुसऱ्या नाभीवर मुतखडा. शरीराचे मऊ भाग ध्वनीच्या दृष्टीने पाण्यासारखेच, म्हणून तरंग त्यांतून फारसा न अडता जातो आणि खड्याशी मात्र अडतो. खड्याच्या मागच्या बाजूवरून परतताना तो तरंग ताण निर्माण करतो. पुन्हा तेच: दगड ताणाने फुटतो.

हा युत्किनचा मार्ग आहे, व्होरोब्योव्हचा नाही. ठिणगी इथे पाण्यातच पडते, आणि रुग्णासाठी ती पाण्यातच पडायला हवी!

इथे थांबून एक गोष्ट नोंदवा. मुतखडा काही ग्रॅमचा असतो. तो फोडायला किती युनिट वीज लागली हे कुणी विचारत नाही, कारण पर्याय शस्त्रक्रियेचा असतो. तंत्र जिंकतं की हरतं हे पुष्कळदा भौतिकशास्त्रावर ठरत नाही, ते समोर कोणता पर्याय उभा आहे यावर ठरतं.

काँक्रीट आणि झिरकॉन

१९९० च्या दशकात हा विषय पश्चिमेत जोरात आला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये उरी आंद्रेस धातुकं विजेने फोडण्यावर आधीपासून काम करत होते. जर्मनीत कार्ल्सरूह संशोधन केंद्रात "फ्रांका" नावाची यंत्रमालिका उभी राहिली. जपानमध्ये कुमामोतो विद्यापीठात काँक्रीटवर प्रयोग झाले. स्वित्झर्लंडमध्ये २००७ मध्ये सेलफ्राग ही कंपनी सुरू झाली आणि तिने प्रयोगशाळेत वापरायचं तयार यंत्र बाजारात आणलं.

काँक्रीटच का? कारण काँक्रीट म्हणजे खडी, वाळू आणि त्यांना धरून ठेवणारा सिमेंटचा दगड. क्रशरमध्ये घातलं तर खडी आणि सिमेंट दोन्ही फुटतात आणि हाती येतो तो मिश्र चुरा. तो रस्त्याच्या भरावात जातो. विजेची ठिणगी मात्र दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून जाणं पसंत करते, कारण परमिटिव्हिटी जिथे एकदम बदलते तिथे क्षेत्र एकवटतं. त्यात आघाततरंगही याच सीमांवर ताण निर्माण करतो. परिणामी खडी सिमेंटपासून सुटी होते आणि बरीचशी अखंड मिळते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१२ च्या सुमारास हे काम पुढे नेलं. जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचा वेग पाहिलात तर सुटी केलेली खडी ही किती मोठी गोष्ट आहे हे लक्षात येईल.

खडकातही असंच होतं. दोन खनिजांच्या कणांमधल्या सीमेवर भेग जाते आणि कण मूळ आकारात बाहेर येतो. भूवैज्ञानिकांना झिरकॉनचे अखंड स्फटिक हवे असतात, कारण त्यातल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून खडकाचं वय काढता येतं. आपल्या दख्खनच्या लाव्हाचं वय बारकाईने ठरवणारं जे काम २०१५ मध्ये "सायन्स" मध्ये आलं, तेही झिरकॉनवरच उभं होतं. (ते स्फटिक विजेने सुटे केले होते असं मला म्हणायचं नाही, अखंड स्फटिकाचं मोल काय, एवढंच सांगायचंय.)

मग खाणीत अजून सुरुंगच का?

आता कागद-पेन घ्या. हा हिशोब तुम्ही स्वतः करावा असं मला वाटतं.

प्रयोगशाळेतल्या एका चांगल्या यंत्राच्या एका पल्समध्ये ७५० जूल ऊर्जा असते असं धरू. ती एका मायक्रोसेकंदात सोडली, तर शक्ती होते ७५० मेगावॅट. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटचे चार संच आहेत. त्यातले तीन पूर्ण क्षमतेने चालले तर जेवढी शक्ती, तेवढी. ऐकायला भारी वाटतं. पण ७५० जूल म्हणजे एकूण किती? ७५ किलोचा माणूस साधारण एक मीटर उचलायला लागतात तेवढे.

आता सुरुंगातली दारू. खाणीत सर्रास वापरलं जाणारं अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण एका किलोला सुमारे ३.६ ते ३.८ मेगाजूल देतं. म्हणजे जवळपास एक किलोवॅट-तास, तुमच्या वीजबिलावरचं एक युनिट. ३.६ मेगाजूलसाठी ७५० जूलचे ४,८०० पल्स लागतील. सेकंदाला पाच पल्स धरले तर १६ मिनिटं. एक किलो दारू तेच काम क्षणात करते, शिवाय तिला जनरेटर, कपॅसिटर, पाण्याची टाकी काही लागत नाही. एक घनमीटर खडक मोकळा करायला अशी दारू किलोच्या आतबाहेरच लागते. म्हणून डोंगर फोडायला वीज सुरुंगाशी स्पर्धा करू शकत नाही. कॅनडात नोरांडा कंपनीच्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास भोकात विजेची ठिणगी पाडून खडक फोडण्याची "प्लाझ्मा ब्लास्टिंग" पद्धत विकसित केली, पेटंटही घेतलं. पण सुरुंगाची जागा ती घेऊ शकली नाही.

विजेची खरी स्पर्धा सुरुंगाशी नसून गिरणीशी आहे, म्हणजे जिथे मोठे तुकडे बारीक करायचे असतात आणि ऊर्जा वाया जाते तिथे. पण तिथेही तीन अडथळे आहेत.

एक, आयुष्य. यंत्र सेकंदाला ५ पल्सने वर्षभर अखंड चाललं तर सुमारे १५ कोटी ७७ लाख पल्स होतात. प्रत्येक पल्सला इलेक्ट्रोड थोडा झिजतो, कपॅसिटर थोडा थकतो, ठिणगी-फटीतला स्विच थोडा खराब होतो. अर्धवाहक स्विच आल्यापासून यात सुधारणा झाली आहे, पण गिरणीतले पोलादी गोळे बदलणं अजून सोपं आणि स्वस्त पडतं.

दोन, पाणी. दगड फुटत गेला की बारीक गाळ आणि क्षार पाण्यात उतरतात. पाण्याची वाहकता वाढते, पल्समधली ऊर्जा गळू लागते आणि तो पहारेकरी ढिला पडतो. पाणी सतत स्वच्छ ठेवायचं तर त्याचा वेगळा खर्च.

तीन, कणाचा आकार. तुकडा बारीक होत गेला की ठिणगी त्याच्या आत शिरण्यापेक्षा कणांमधल्या पाण्यातून जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे जिथे गिरणी सगळ्यात जास्त वीज खाते, त्याच बारीक टोकाला ही पद्धत दुबळी पडते.

म्हणून आज ती टिकली आहे ती अशा ठिकाणी, जिथे तुकडा कसा सुटतो याला किंमत आहे: खनिजांचे नमुने, उल्का, मौल्यवान धातुकं, काँक्रीटची खडी. शिवाय खोल ग्रॅनाइटमध्ये भोक पाडण्यासाठी, विशेषतः भूऔष्णिक ऊर्जेसाठी, टॉम्स्कपासून ड्रेस्डेनपर्यंत काम चालू आहे. कारण तिथे ड्रिलचं टोक झिजलं की किलोमीटरभर नळ्या वर ओढून ते बदलावं लागतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

या इतिहासातून चार कामाच्या गोष्टी उचला.

पहिली: तक्त्यातला प्रत्येक आकडा कोणत्या वेगाने मोजला आहे ते विचारा. "पाण्याची ब्रेकडाउन क्षमता" असा एक आकडा अस्तित्वातच नाही. तो वेळेसोबत बदलतो. व्होरोब्योव्हच्या गटाने नवं यंत्र शोधलं नव्हतं. आडव्या अक्षावर वेळ ठेवून जुना आलेख पुन्हा काढला होता. तुमच्या विषयात असा कोणता अक्ष राहून गेलाय?

दुसरी: साहित्य-समीक्षा करताना इंग्रजीवर थांबू नका. व्होरोब्योव्ह हे एकच नाव इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहिलेलं सापडतं. प्रत्येक प्रकारे शोधा, मग रशियन लिपीतही शोधा, आणि भाषांतराचं साधन वापरा. "यावर कुणी काम केलेलं नाही" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी एक आठवडा याला द्या. रिसर्च गॅप ज्ञानात आहे की फक्त आपल्या वाचनात, हे तेव्हाच कळतं.

तिसरी: ऊर्जेचा हिशोब प्लगपासून करा. पुष्कळ पेपरमध्ये "प्रति टन इतके किलोवॅट-तास" असं लिहिलेलं असतं. तो आकडा कपॅसिटरमध्ये साठवलेल्या ऊर्जेचा आहे की भिंतीतून ओढलेल्या विजेचा? पाणी शुद्ध करण्याची वीज त्यात धरली आहे का? दोन पेपरांची तुलना त्याशिवाय करू नका.

चौथी: तुमचं तंत्र कुणाशी स्पर्धा करतंय ते आधी ठरवा. एकाच ठिणगीने शस्त्रक्रियेला हरवलं आणि सुरुंगापुढे ती हरली.

आणि एक सूचना, हात जोडून. यातलं काहीही घरी किंवा हॉस्टेलच्या खोलीत करून बघू नका. उच्च दाबाचा कपॅसिटर पुरवठा बंद केल्यावरही भरलेला राहतो आणि त्याचा एक झटका जीव घेऊ शकतो. प्रशिक्षित माणूस, अर्थिंगची काठी आणि सोबतीला दुसरा माणूस, एवढं असल्याशिवाय प्रयोगशाळेतही हात लावायचा नाही.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. वर सगळीकडे ग्रॅनाइट आलाय, कारण त्यातले कण मोठे आणि वेगवेगळ्या खनिजांचे असतात. आपल्याकडचा काळा दगड, बेसॉल्ट, बारीक कणांचा आहे आणि त्यात लोहाची ऑक्साइड खनिजं बरीच असतात. मग ठिणगी त्यात कुठून जाईल? दोन रेषा छेदतात तो वेळ तोच राहील की सरकेल? आणि मुंबई-पुण्यातल्या पाडकामाच्या काँक्रीटमध्ये खडी बेसॉल्टचीच असते, तिथे ती सिमेंटपासून तितकीच स्वच्छ सुटेल का? आधी भौतिकशास्त्राच्या आधारे अंदाज बांधा, कारण लिहा, मग पेपर शोधा. तुमचं उत्तर कमेंटमध्ये टाका. कारणासकट असेल तर चुकलं तरी त्यावर बोलता येईल.